प्रवेश आणि सहवास : संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलींविषयी



धारहून मांडवगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नालछा हे गाव लागते. मांडवगडाचे महाल पाहावयास निघालेला प्रवासी तेथे सहसा थांबत नाही. परंतु या गावाचा विद्येशी असलेला संबंध जुना आहे. तेराव्या शतकात पंडित आशाधर हे जैन ग्रंथकार धारानगरी सोडून येथे वास्तव्यास आले, आणि त्यांनी येथे केलेल्या ग्रंथरचनेमुळे गावाचे तत्कालीन नाव, नलकच्छपूर, विद्वानांच्या स्मरणात राहिले. आज नालछा हे धार जिल्ह्यातील एका विकासखंडाचे ठाणे आहे. भोवतालची वस्ती बहुतांशी आदिवासी आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातील सुमारे निम्म्याच स्त्रिया साक्षर आढळल्या. याच जिल्ह्यात पीथमपूरचे कारखाने आहेत, आणि धारपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर इंदूर आहे, जेथे मोठमोठ्या संगणक कंपन्यांनी आपल्या इमारती उभ्या केल्या आहेत.

नालछ्याची एक मुलगी डोळ्यांपुढे आणावी. ती बारावीला गणितात उत्तम गुण मिळवते आणि इंदुरात संगणक अभियांत्रिकीला प्रवेश घेते. घरात भिली किंवा माळवी बोलली जाते, शाळा हिंदीतून झालेली असते, आणि पहिल्या तासाला अध्यापक इंग्रजीतून विचारतात, "यापूर्वी कोणी प्रोग्रॅम लिहिला आहे?" वर्गातील बरेच हात वर जातात. तिचा हात खालीच राहतो. त्या दिवशी ती नापास झालेली नसते, तिला कोणी अवमानकारक बोललेलेही नसते. परंतु ही जागा इतरांची आहे, आपण चुकून येथे आलो, असा समज तिच्या मनात त्या एका क्षणी घर करू शकतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा क्षण, आणि त्यानंतरची चार वर्षे, हा आहे.

स्त्रीशिक्षणाचा विचार करताना मराठी समाजाने प्रवेशाचा प्रश्न फार मोलाचा मानला, आणि ते योग्यच होते. परंतु प्रवेशानंतरच्या सहवासाचा प्रश्न तितकाच मोलाचा आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया या एकाच नगरीत साठ वर्षांच्या अंतराने झालेले दोन समारंभ या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

पहिला समारंभ मार्च १८८६ मधला. पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या दिवशी आनंदीबाई जोशी यांना वैद्यकाची पदवी मिळाली. त्यांच्या जिद्दीची कथा मराठी वाचकाला पाठ आहे. त्या जिद्दीभोवती जी माणसे उभी होती, त्यांच्याकडे मात्र लक्ष कमी जाते. न्यू जर्सीतील थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी ओळखदेख नसता केवळ पत्रव्यवहारावरून आनंदीबाईंना आपल्या घरी मुलीसारखे ठेवून घेतले. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी त्यांची आस्थेने काळजी वाहिली. आणि पदवीदानाच्या वेळी पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून त्या सभागृहात येऊन बसल्या. एका मुलीचे कौतुक पाहण्यासाठी तिच्याच भाषेतील, तिच्याच आप्तसंबंधातील एक स्त्री एवढ्या दुरून आली, ही घटना लहान नाही.

दुसरा समारंभ फेब्रुवारी १९४६ मधला. त्याच नगरीतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात 'एनिॲक' हा प्रचंड इलेक्ट्रॉनिक संगणक जगापुढे प्रथम ठेवण्यात आला. तोफेच्या गोळ्याला लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात त्या यंत्राने गोळ्याच्या मार्गाचे गणित सोडवून दाखवले. यंत्राकडून ते गणित कसे करवून घ्यावयाचे, याची मांडणी सहा तरुणींनी केली होती: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. मार्गदर्शक पुस्तिका नव्हती. यंत्राच्या जोडणीचे आराखडे वाचून त्यांनी हे काम आत्मसात केले. प्रयोग यशस्वी झाला, वर्तमानपत्रांत वर्णने आली, रात्री सन्मानभोजन झाले, आणि त्या भोजनाचे निमंत्रण या सहाजणींना नव्हते. पुढे कित्येक दशके त्यांची नावे संगणकाच्या इतिहासात आली नाहीत. जुन्या छायाचित्रांत यंत्राजवळ उभ्या असलेल्या या स्त्रिया कोण, असा प्रश्न विचारला गेला तो १९८० नंतर.

या सहाजणींच्या ठिकाणी बुद्धीची किंवा संधीची वाण नव्हती. त्या आत होत्या. काम तर त्यांचेच होते. तरीही समारंभाच्या दिवशी त्या बाहेर राहिल्या. महाविद्यालयातील समारंभ, संमेलने, स्पर्धा, पाहुण्यांशी भेटीगाठी या गोष्टी अभ्यासाच्या मानाने किरकोळ वाटतात. वास्तविक येथेच कोण आतले आणि कोण बाहेरचे हे ठरत असते.

मराठी मुलुखात हे जाणणारा माणूस गणिताचा प्राध्यापक होता, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि तो पुढे पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळरानावर नेला. कर्व्यांनी केवळ शाळा काढली नाही. राहण्याची जागा, जेवण, सोबत आणि दिनक्रम या साऱ्यांसह त्यांनी शिक्षण उभे केले. मुलीला शिकू द्यावे असे म्हणणारे सुधारक त्या काळी बरेच होते. ती शिकत असताना रात्री कोठे झोपेल आणि तिच्या शेजारी कोण असेल, याचा हिशेब कर्व्यांनी मांडला. त्याच हिंगण्यात, आताच्या कर्वेनगरात, १९९१ मध्ये त्यांच्या संस्थेने कमिन्स कंपनीच्या साहाय्याने केवळ मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. संगणक अभियांत्रिकी ही तेथील एक प्रमुख शाखा होय. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले त्याला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत होती.

मुलींच्या स्वतंत्र महाविद्यालयाविषयी मतभेद आहेत. पुढे पुरुषांसमवेतच काम करावयाचे असता चार वर्षे वेगळे ठेवण्यात काय हशील, असे विचारले जाते. आक्षेप रास्त आहे. परंतु अशा महाविद्यालयातील वार्षिक तांत्रिक महोत्सवाची कल्पना करून पाहावी. तेथे जोडणी करणारी मुलगी, हिशेब ठेवणारी मुलगी, प्रायोजकाकडे जाऊन पैसे आणणारी मुलगी, यंत्र बिघडल्यावर मध्यरात्री ते उघडून बसणारीही मुलगीच. मिश्र महाविद्यालयात याच मुलींकडे रांगोळी, स्वागत आणि सूत्रसंचालन येण्याचा संभव असतो. स्वतंत्र महाविद्यालयाने मुलीला जगापासून दूर ठेवले असे म्हणण्यापेक्षा, सगळी कामे एकदा तरी तिच्या हातांखालून जाऊ दिली असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. प्रत्येक गावी अशी महाविद्यालये निघणे शक्य नाही. तेव्हा मिश्र महाविद्यालयांत हाच लाभ कसा साधावा, हा खरा प्रश्न उरतो.

मिश्र महाविद्यालयातील एकटेपणाचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, १९६८ च्या सुमारास हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा तेथे त्या एकट्याच विद्यार्थिनी होत्या. साडीच नेसावी, उपाहारगृहात जाऊ नये, मुलांशी बोलू नये, अशा अटी त्यांना घालण्यात आल्या आणि आवारात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते, असे त्यांनीच सांगितले आहे. त्या शिकल्या, पहिल्या आल्या, आणि पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी संगणकशास्त्राची उच्च पदवी घेतली. तेथील सूचनाफलकावर १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्कोची जाहिरात लागली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे तीत म्हटले होते. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि नोकरी मिळवली. ही कथा धैर्याची म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात एक हिशेबही दडलेला आहे. ज्या व्यवस्थेत शिकण्यासाठी असामान्य धैर्य लागते, त्या व्यवस्थेत सामान्य धैर्याच्या किती मुली मागे राहिल्या असतील? पुढे सुधाबाईंनी हजारो स्वच्छतागृहे बांधवली, यावरून हा हिशेब त्यांना कधी विसरता आला नसावा.

संगणकाच्या बाबतीत हा हिशेब शास्त्रीय रीतीने मांडला गेला तो अमेरिकेत. १९८४ च्या सुमारास तेथे संगणकशास्त्राच्या पदवीधरांत शंभरात सदतीस स्त्रिया होत्या. नंतरच्या पंचवीस वर्षांत हे प्रमाण निम्म्यावर आले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर या अभ्यासकांनी १९९५ पासून शंभराहून अधिक विद्यार्थ्यांच्या वारंवार मुलाखती घेतल्या. घरी आलेला संगणक बहुधा मुलाच्या खोलीत ठेवला जातो, बापलेक त्याच्याशी खेळतात, आणि महाविद्यालयात आल्यावर त्या खेळालाच बुद्धिमत्ता समजले जाते, असे त्यांना आढळले. मुली मागे पडत होत्या त्या कुवतीमुळे नव्हे. आपण मागे आहोत असे त्यांना पहिल्याच महिन्यात वाटू लागल्यामुळे. आधीचा अनुभव आणि शेवटचे यश यांचा तर फारसा संबंधही दिसून आला नाही.

विद्यापीठाने मग प्रवेश देताना पूर्वानुभवाला दिलेले महत्त्व कमी केले, पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाला अनुभवी आणि अननुभवी यांच्यासाठी निरनिराळी दारे ठेवली आणि शाळाशिक्षकांना शिकवले. १९९५ मध्ये तेथे नव्याने येणाऱ्यांत शंभरात सात मुली होत्या. २००० मध्ये बेचाळीस झाल्या. एवढ्या मुली आल्यावर त्यांना धरून ठेवण्याचा प्रश्न आला. तेव्हा लेनोर ब्लम या गणितज्ञ प्राध्यापिकेच्या पुढाकाराने विद्यार्थिनींचे एक मंडळ निघाले: वडील विद्यार्थिनींनी धाकट्यांना हाताशी धरावे, एकत्र जेवावे, शाळांतून जाऊन बोलावे. या मंडळाला विशेष सवलत म्हणणाऱ्यांना ब्लमबाईंचे उत्तर मार्मिक होते. बहुसंख्य मुलांना या गोष्टी वसतिगृहाच्या खोलीत, चहाच्या टेबलाशी, मित्राच्या मित्राकडून आपोआप मिळतात. कोणता विषय घ्यावा, कोणते प्राध्यापक मदत करतात, कोठे अर्ज करावा, हे त्यांना कोणी समारंभपूर्वक सांगत नाही. जे मुलांना न मागता मिळते, ते मुलींना योजना करून द्यावे लागते, एवढाच काय तो फरक.

संमेलनाचा उपयोग कसा होतो, याचे उदाहरण कॅलिफोर्नियातील हार्वे मड महाविद्यालयाने घालून दिले. अनिता बोर्ग आणि टेली व्हिटनी यांनी १९९४ मध्ये संगणकक्षेत्रातील स्त्रियांचे पहिले मोठे संमेलन वॉशिंग्टन येथे भरवले आणि त्याला ग्रेस हॉपर यांचे नाव दिले. मनुष्याच्या सोयीच्या भाषेतून यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन या विदुषीने १९५२ मध्ये घडवले होते. मारिया क्लावे २००६ मध्ये हार्वे मडच्या अध्यक्षा झाल्या. तेथे तीन गोष्टी घडल्या. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम अनुभवानुसार विभागला गेला; पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मुलींना संशोधनाचे काम मिळू लागले; आणि पहिल्या वर्षाच्या मुलींना महाविद्यालयाच्या खर्चाने या संमेलनास नेण्यात येऊ लागले. हजारो स्त्रिया तेच काम करताना पाहिल्यावर अठरा वर्षांच्या मुलीला आपण येथे चुकून आलो असे वाटेनासे होते. काही वर्षांतच तेथील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांत मुलींचे प्रमाण दशांशाच्या आसपासून चाळीस टक्क्यांच्या जवळ गेले. तेच संमेलन २०१० पासून भारतातही भरू लागले.

भारताची स्थिती अमेरिकेहून निराळी आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. येथे संगणक हे मुलींचे क्षेत्र नव्हे, असे फारसे कोणी म्हणत नाही. रोली वर्मा यांनी दोन्ही देशांतील विद्यार्थिनींचा तौलनिक अभ्यास केला, तेव्हा भारतीय मुलींना गणिताविषयी आत्मविश्वास आणि घरून प्रोत्साहन असल्याचे आढळले. छपराखालचे, खुर्चीवरचे, मानाचे काम म्हणून आईबाप ते पसंत करतात. त्यामुळे येथील अडचण 'मुलीने संगणक शिकावा काय' ही नव्हे. शिकणाऱ्या मुलीने संध्याकाळी सहानंतर कोठे असावे, ही आहे.

शासनाने प्रवेशाच्या बाजूने बरेच केले आहे. आय. आय. टी. संस्थांत मुलींचे प्रमाण २०१६ मध्ये शेकडा आठच्या आसपास होते. प्राध्यापक टिमथी गोन्साल्वीस यांच्या समितीच्या शिफारशीवरून २०१८ पासून अधिक जागा निर्माण करण्यात आल्या, आणि २०२० पर्यंत हे प्रमाण शेकडा वीसवर नेण्याचे ठरले. इंदूरजवळ सिमरोल येथील संस्थाही त्यांतलीच. तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती ठराविक उत्पन्नाखालील कुटुंबांतील मुलींना वर्षाला पन्नास हजार रुपये देते. मध्य प्रदेशाने 'गाँव की बेटी' योजना २००५ मध्ये काढली. २०२१ पासून परिषदेने मातृभाषेतून अभियांत्रिकी शिकवण्यास मान्यता दिली. या सर्व पायऱ्या दारापर्यंत नेणाऱ्या आहेत आणि त्या आवश्यकच होत्या.

आतल्या बाजूचा विचार मात्र अजून अपुरा आहे. २०१७ पासून केंद्र शासनाच्या पुढाकाराने 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' ही स्पर्धा भरते. सहा विद्यार्थ्यांच्या गटाने एखाद्या खात्याच्या प्रत्यक्ष अडचणीवर सलग छत्तीस तास बसून प्रोग्रॅम तयार करावयाचा असतो. गटात निदान एक मुलगी असलीच पाहिजे असा नियम आहे. नियम चांगल्या हेतूचा आहे. परंतु सहांत एक एवढेच साधले, तर ती एक मुलगी शेवटी भाषण करण्यापुरती पुढे येते, आणि यंत्रासमोर पाचजण बसतात, असा धोका राहतो. शिवाय छत्तीस तासांत एक अख्खी रात्र येते. वसतिगृहाचे दार संध्याकाळी बंद होत असेल, नालछ्याकडची शेवटची बस त्याआधीच सुटत असेल, तर महाविद्यालयातील सरावाच्या रात्री ती मुलगी नसणार. आणि जी सरावाला नाही, तिला गटात कोण घेणार? निमंत्रणपत्रिकेवर 'सर्वांना मुक्त प्रवेश' छापलेले असते. खोटे कोणीच बोलत नाही, तरी ती बाहेर राहते.

मांडवगडाच्या इतिहासात याचे एक विलक्षण प्रतिबिंब आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात माळव्याचा सुलतान गियासुद्दीन याने आपल्या अंतःपुरातील हजारो स्त्रियांना नाना कला, हुन्नर आणि हिशेब शिकवले होते आणि कामकाजही त्यांच्याकडे सोपवले होते, असे फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे. जहाजमहाल पाहताना ही गोष्ट आठवते. त्या स्त्रियांपाशी कौशल्य होते, परस्परांचा सहवासही होता. नव्हते ते बाहेर पडण्याचे दार. त्याच डोंगराच्या वाटेवरील आजच्या मुलीला दार मिळाले आहे. तिला सहवास मिळवून देणे एवढे आता उरले आहे, आणि तेही दार बंद न करता.

या कामी ग्रंथालयाचे आश्रयदाते काय करू शकतील, असे कोणी विचारील. मराठी माणूस धार, देवास आणि इंदूर येथे पवार-होळकरांच्या मागोमाग आला, आणि जेथे गेला तेथे त्याने ग्रंथालय काढले. त्या ग्रंथालयांतून एके काळी स्त्रिया स्वतः येत नसत; चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून मुलाला धाडत. पुढे त्या आल्या, टेबलाशी बसल्या, कार्यकारिणीवर निवडून आल्या. कोणी त्यांना एके दिवशी प्रवेश 'दिला' म्हणून हे घडलेले नाही. बसायला बाक, पुरेसा दिवा आणि ओळखीच्या दोघीतिघी मिळाल्या, म्हणून घडले.

तोच मार्ग येथेही आहे. देणगीदारांचा ओढा स्वाभाविकपणे पारितोषिकांकडे असतो. पारितोषिकाला नाव देता येते, समारंभ करता येतो. परंतु पारितोषिक जिंकणारी मुलगी बहुधा आधीच तरलेली असते. त्याच रकमेत पहिल्या वर्षाच्या चार मुलींचा दूरच्या संमेलनाचा प्रवासखर्च आणि मुक्काम निघेल. ग्रंथालयात संध्याकाळी दोन तास पाच-सहा संगणक, एक जाणती शिक्षिका आणि हिंदी-मराठीतून समजावून सांगण्याची मोकळीक ठेवली, तर अध्यापकांच्या त्या पहिल्या प्रश्नाला नालछ्याच्या मुलीचा हात वर जाण्याची तयारी बारावीच्या सुट्टीतच होईल. महाविद्यालयांच्या चालकांत सभासदांपैकी कोणी असतील, तर त्यांनी स्पर्धांच्या वेळा बसच्या वेळापत्रकाशी ताडून पाहाव्यात, आणि रात्रीचा कार्यक्रम असेल तेव्हा मुलींना थांबवण्याऐवजी त्यांच्या मुक्कामाची सोय करावी. शिकून नोकरीला लागलेल्या मुलीला वर्षातून एक दिवस परत बोलवावे. भाषणासाठी नव्हे, तर तिच्याशेजारी बसून धाकटीने प्रश्न विचारावेत यासाठी.

यांतील एकाही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या सभागृहात आनंदीबाईंसाठी जे घडले, तेही तत्त्वतः एवढेच होते: एका बाईने घरात जागा दिली, दुसरीने महाविद्यालयात लक्ष ठेवले, तिसरी दुरून येऊन बसली. साठ वर्षांनी त्याच नगरीत सहाजणींसाठी तेवढेही कोणी केले नाही, आणि त्यांचे काम जगाला कळण्यास पिढी उलटावी लागली. नालछ्याहून निघालेल्या मुलीच्या वाट्याला यांपैकी कोणता समारंभ यावा, हे बव्हंशी तिच्या हाती नाही. ते सभागृहात आधीपासून बसलेल्यांच्या हाती आहे.